मार्जार-गृहप्रवेश-मीमांसा

विषयप्रवेश

जनावरांच्या बाबतीत आमचा मुलूख कुणापुढे मान खाली घालणारा नाही. देवणी गाय लातूरची, लाल कंधारी नांदेडची. शेजारच्या जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, तरी तिथली शेळी अजून उस्मानाबादीच आहे. देवणीचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार पडतात, आणि ते लांबून ओळखणारा एक तरी म्हातारा प्रत्येक बाजारात सापडतो. माळेगावच्या यात्रेत घोडे, गाढवं आणि उंट विकले जातात, कुत्री-कोंबडे प्रदर्शनात बक्षिसं मारतात. उदगीरला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. एवढ्या उठाठेवीत मांजराकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत प्रबंध सिद्ध केला आहे.

हे झालं चारचौघांत सांगायचं कारण. खरं कारण सोयाबीन आहे.

2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि आडतीवरचा पुकारा त्याच्या खालीच रेंगाळत होता. भाव आल्याशिवाय माल काढायचा नाही, असं ठरवून माझ्या भावानं गावाकडची तीस पोती आमच्या औसा रोडवरच्या घराच्या मागच्या खोलीत आणून थप्पीला लावली. भाव काही आला नाही. उंदीर आले.

त्याच दिवाळीत नांदेडहून ताईचा फोन आला. जुन्या नांदेडातल्या तिच्या वाड्यात जिन्याखालच्या सरपणात मांजरीनं चार पिल्लं घातली होती. तीन वाटली गेली, एक उरलं होतं.

"नेऊलालास का नाही, ते सांग," ताई म्हणाली.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. या प्रबंधाचा जन्म त्या तीन शब्दांतून झाला.

नामलिंगविचार

पहिला अडथळा व्याकरणाचा. प्रमाण मराठीत 'ते मांजर'. नर असेल तर बोका, मादी असेल तर भाटी. पण कुणाचं काय हे कळेपर्यंत नपुंसकलिंगावर भागवायचं. आमच्याकडे मात्र सर्रास 'मांजर आली' म्हणतात. काशीत व्याकरणासाठी गाजलेलं शेष घराणं मूळचं नांदेडचं मानतात. ती मंडळी काशीला गेली आणि हा प्रश्न आमच्या गळ्यात टाकून गेली.

प्रश्न नुसता पुस्तकी नाही. पिल्लू लहान असताना नर की मादी हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. मादी निघाली तर ती पाच-सहा महिन्यांत वयात येते आणि गाभण राहिल्यापासून साधारण 63 ते 65 दिवसांत विते. हे दोन आकडे वाचकानं लक्षात ठेवावेत. लेखकानं ठेवले नाहीत.

शकुनविचार

मांजर आडवं गेलं की चार पावलं मागं यायचं, हे शास्त्र आईला पाठ आहे. पण हे शास्त्र लातूरला लावायचं कसं? नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत इकडे यायचं तर शहराच्या अलीकडे नदी ओलांडावी लागते, आणि त्या नदीचं नाव मांजरा. पाटोद्याकडच्या बालाघाटात उगम पावून, सातशेहून जास्त किलोमीटर वळसे घेत ती गोदावरीला मिळते. म्हणजे नांदेडहून येणाऱ्या प्रत्येक लातूरकराला मांजरा आडवी जातेच. त्यानं चार पावलं मागं यायचं ठरवलं, तर तो जन्मभर चाकुरातच राहील.

याच्या उलट एक शास्त्र आहे: नको असलेलं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडावं, म्हणजे त्याला परतीची वाट सापडत नाही. त्या हिशेबानं नांदेडचं पिल्लू एकदा मांजरा ओलांडून आलं की कायमचं आमचं. आईनं यावर एवढंच विचारलं, "आणि आपल्याला नको झालं तर कुठली नदी?"

पूर्वसूरी

मांजराच्या पिल्लावर सगळ्यांत खोल विचार तमिळ मुलखातल्या श्रीवैष्णवांनी केलेला आहे. भक्तानं देवाला कसं धरावं, यावरून त्यांच्यात दोन पक्ष पडले. एकाचा मर्कटकिशोरन्याय: माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून ठेवतं, तसा भक्तानं थोडा तरी प्रयत्न करावा. दुसऱ्याचा मार्जारकिशोरन्याय: मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून नेते, भक्तानं नुसतं स्वाधीन व्हावं.

आमच्या घराची तपासणी केली तेव्हा आढळलं की मी, मुलगी आणि काही प्रमाणात आईसुद्धा कट्टर मार्जारकिशोरपंथी आहोत. पिल्लाचं दूध, औषध, लस, घाण, सगळं कुणीतरी करील अशी आमची अढळ श्रद्धा आहे. ती 'कुणीतरी' शाळेतून साडेपाचला घरी येते. तिनं आमचं तत्त्वज्ञान ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तीन आहेत घरात अशी. चौथं नको."

शेजारचे निवृत्त चाचा मात्र मांजराच्या बाजूनं उभे राहिले. पैगंबरांच्या एका सोबत्याचं नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप, हे त्यांनी ठासून सांगितलं. त्यांच्या घरी मांजर आहे का, असं विचारल्यावर म्हणाले, "छे, बेगमला चालत नाही." थोडक्यात, दोन्ही धर्मांत निर्णय एकाच खात्याकडे आहे.

जलविचार

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्या गावानं पाणी असं मालगाडीतून उतरताना पाहिलं, तिथल्या माणसानं कुठलाही प्राणी दारात बांधण्याआधी त्याचा पाण्याचा हिशेब करावा. इथे मांजर सगळ्यांना मागं टाकतं. त्याचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या रानातले, त्यामुळे त्याची मूत्रपिंडं थोडक्या पाण्यात भागवून नेतात. अंघोळ तर ते जिभेनंच करतं. टँकरच्या रांगेत घागर लावलेल्या लातूरकराला याहून शोभणारा प्राणी नाही.

मात्र पाण्यात वाचवलेलं वाळूत जातं. घरातल्या घरात राहणाऱ्या मांजराला विधीसाठी घमेलंभर वाळू लागते, आणि आमच्याकडे वाळू म्हटली की आधी तहसीलदार आठवतो. लिलाव ब्रासनं होतात, घमेल्यानं नाही. भुसा चालेल, असं कळल्यावर दालमिलच्या गावात हा मुद्दा निकाली निघाला.

आहारविचार: पूर्वपक्ष

आई माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि मांजर हा जन्मजात मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर नजर जाते, हृदय दुबळं होतं. गोड चव तर मांजराला कळतच नाही, म्हणजे पेढ्यानंही त्याचं मन वळवता येत नाही.

"आमच्या वाड्यातल्या मांजरानं जन्मभर दूध-पोळी खाल्ली," आईचा आक्षेप.

यावर उत्तरपक्ष असा, की ते मांजर आपल्याकडे नाश्ता करायचं. जेवण ते धान्याच्या कोठीत उरकून यायचं. आता पेच पाहा. मांजर आणायचं उंदरांसाठी. ते जितकं कामसू, तितके उंदीर लवकर संपणार. उंदीर संपले की त्याला मासळी कोण आणणार? म्हणजे मांजर आळशी निघालं तर सोयाबीन जातं आणि कर्तबगार निघालं तर माळ.

पाकिटातलं तयार खाणं मिळतं, असं मुलीनं सुचवलं. आईनं क्षणभर विचार केला. "हिरवा ठिपका बघून आण मग."

परीक्षापद्धती

मुलगी नीटच्या तयारीत, म्हणजे लातूर पॅटर्नच्या ऐन भट्टीत. मांजर वाघाची मावशी, हे तिला मान्य नाही: कुळ एकच, फेलिडी, पण वाघ पँथेरा प्रजातीतला आणि मांजर फेलिस, तेव्हा फार तर चुलत नातं. तिनं आमच्या प्रश्नाची पत्रिका काढली. पिल्लू आणावं का? पर्याय: हो, नाही, वरील दोन्ही, यांपैकी नाही. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. "खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा," ती म्हणाली. घरातल्या चौघांनीही सोडून दिला. नांदेडला निकाल कळवला: विचार चालू आहे.

द्वारसिद्धान्त

इतक्या ऊहापोहानंतर लेखकाला जे गवसलं ते असं.

आजीच्या वाड्यात मांजर पाळावं का, हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही. तिथे मांजर 'पाळलेलं' नव्हतं, 'असायचं'. चुलीमागच्या उबेत एक मनी असायची. ती गेली की महिनाभरात दुसरी तिथेच बसलेली दिसायची. दिंडी दरवाजा दिवसभर उघडा, स्वयंपाकघराच्या झरोक्याला जाळी नाही, माळवदावरून उतरायला हवी तिथून वाट. पिल्लांना तोंडात धरून ती सात घरं फिरवायची, आणि आपलं घर त्या सातांपैकी एक, एवढाच आपला हक्क.

औसा रोडच्या घराला सेफ्टी डोअर आहे. खिडक्यांना डासांची जाळी, मागच्या दाराला ग्रिल आणि ग्रिललाही आतून जाळी. चोर आणि डास यांच्यासाठी आम्ही एकेक वाट बुजवत गेलो. त्यात मांजर बाहेर राहिलं. उंदीर मात्र मोरीच्या पाइपातून येतो, त्याला दार लागत नाही. मांजर घरात आणावं की नाही, हा प्रश्न दाराला कडी लागल्यापासूनचा आहे. आत आणायचं म्हणजे मग कोंडायचंच, आणि म्हणूनच एवढा विचार पडतो.

निष्कर्ष

रात्री मागच्या खोलीत थप्पीच्या खालच्या पोत्यातून दाणे सांडतात. आधी गोणपाटाचा करकर आवाज, मग फरशीवर टपटप, मग शांतता. बायको उठते, दिवा लावते, दाणे सुपात भरून ठेवते आणि माझ्याकडे पाहते. मी प्रबंधाकडे पाहतो.

असं करता करता मे संपत आला. नव्या हंगामाचा हमीभाव 5,328 जाहीर झाला. भावानं फोनवर सांगितलं, आणखी थोडं थांबू. मृगाच्या तोंडावर नांदेडहूनही फोन आला.

"ते पिल्लू आता पिल्लू राहिलं नाही," ताई म्हणाली. "त्याच सरपणात व्याली. चार झालीत. आता चौघांचं सांग."

विषयाची व्याप्ती अशी अचानक चौपट झाल्यानं लेखक मुदतवाढ मागत आहे. मी फोनवर हात ठेवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई माळ ओढत बसली होती, मणी न थांबवता म्हणाली, "चारही नको म्हण." आणखी दोन मणी पुढे गेले.

"कोणत्या रंगाची आहेत, ते विचार पण."