मापात पाप

जयपूरच्या जंतरमंतरातलं सम्राट यंत्र ही जगातली सगळ्यात मोठी दगडी सूर्यघडी. उंची सुमारे २७ मीटर. तिची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते आणि दोन सेकंदांच्या फरकानं स्थानिक वेळ सांगते. सवाई जयसिंगांनी आधी पितळेची यंत्रं वापरून पाहिली होती. ती लहान, त्यांचे आस झिजायचे, मापं चुकायची. म्हणून महाराजांनी दगड-चुन्याची ही अगडबंब यंत्रं उभी केली. लहान साईझमध्ये घोळ होतो ना, मग सरळ डबल एक्सएल घ्या, असा रोखठोक हिशेब.

तिथून पायी जाण्याइतक्या अंतरावर बापू बाजार आहे. तिथे एका बाईचं माप चार इंचांनी चुकलं तरी दुकानदाराचा आत्मविश्वास तसूभर ढळत नाही.

जंतरमंतरात राशिवलय नावाचा बारा यंत्रांचा गट आहे. प्रत्येक राशीला वेगळं यंत्र. मेषेचं माप वृषभेला लावायचं नाही, एवढी काळजी. बायकांच्या वाट्याला मात्र राशी पाचच: एस, एम, एल, एक्सएल आणि डबल एक्सएल. शिवाय फ्री साईझ म्हणून एक आहे, ती कुठल्याच पंचांगात बसत नाही आणि कुठल्याच बाईलाही. तुमची रास कुठली, हे जन्मवेळेवर नाही, गल्ल्यावरच्या भाईसाहबांच्या नजरेवर ठरतं. त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं की कुंडली तयार. "आपको एल आएगा मॅडम." टेप नाही, पट्टी नाही. गळ्यात टेप असते, पण ती मंगळसूत्रासारखी, असते म्हणून असते.

आमच्या नणंदबाई पुण्याहून निघतानाच ठरवून आल्या होत्या की जयपूरला आलो तर कुर्ते जयपूरचेच, आणि तेही हातछपाईचे. पहिल्या दुकानात एल अंगात गेला आणि वर भाईसाहब म्हणाले, "थोडा ढीला लग रहा है मॅडम, एम ले लीजिए." नणंदबाईंच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं ते मी त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेलं नाही. त्यांनी घासाघीस न करता एमचे दोन कुर्ते घेतले. पुण्याची बाई घासाघीस विसरली, यावरून या धंद्यातलं खरं भांडवल काय ते ओळखावं.

तीन दुकानं पुढे तीच बाई, मधे फक्त एक प्याजकचोरी, एक्सएलमध्ये अडकली. दोन्ही हात वर, डोकं आत, आणि आतून आवाज, "वहिनी, जरा ओढा हो." मी ओढलं. मुंढ्यात कर्र झालं. ट्रायल रूम म्हणजे कोपऱ्यात आडवी ताणलेली दोरी आणि तिच्यावर पडदा. पडदा वरून वीतभर खाली, खालून वीतभर वर. बहुधा तोही एस. याच शहरात १७९९ साली सवाई प्रतापसिंगांनी हवा महाल बांधून ९५३ खिडक्या ठेवल्या, बायकांना बाहेरचं दिसावं पण बाहेरच्यांना बायका दिसू नयेत म्हणून. त्या पडद्याला ही परंपरा कुणी सांगितलेली नसावी.

"भैया, ये बहुत घट्ट होता है," नणंदबाई आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाल्या. घट्ट म्हणजे काय ते भैयांना कळलं नाही, पण दंडावरचा वळ कळला.

"कॉटन है मॅडम, पहनते-पहनते खुल जाएगा."

मग डबल एक्सएल आला. खांदे कोपराकडे निघाले.

"कॉटन है मॅडम, एक धुलाई में बैठ जाएगा."

एकच कापड, एकच दुकान, एकच मिनिट. सैल असेल तर आटणार, घट्ट असेल तर सुटणार. कापडाला एवढी समज असेल तर त्यानं शिवलेलं असण्याचीही गरज नाही. घडी उघडून समोर ठेवली की आपणहून अंगावर चढेल.

आता यात भाईसाहबांचा दोष म्हणावा तेवढा नाही. लेबलवर एल आणि त्याखाली चाळीस लिहिलेलं असतं. चाळीस कशाचे? एका कारखान्यात ते छातीचं माप असतं, म्हणजे चाळीस इंच छातीच्या बाईसाठी कुर्ता त्याहून मोठा बेतलेला असतो. दुसऱ्या कारखान्यात तेच चाळीस खुद्द कुर्त्याचं माप असतं, म्हणजे चाळीस इंचांची बाई त्यात गेली तर श्वास बाहेर ठेवून जाते. आपला गल्लीतला शिंपी "लूज किती ठेवू ताई?" असं विचारतो तरी. कारखान्यात हे कोणी कोणाला विचारत नाही. तिथे मास्टरजींचा पॅटर्न असतो, आणि प्रत्येक मास्टरजींच्या डोळ्यांसमोर एक बाई असते. ती कोण ते त्यांनाच ठाऊक, पण ती आपल्यापैकी नाही एवढं नक्की.

मास्टरजी एमवरून एल करतात, एलवरून एक्सएल. दर पायरीला छाती दोन इंच वाढते, तिच्यासोबत कंबर, सीट, खांदा, बाही, सगळंच थोडंथोडं वाढत जातं. म्हणजे बाळंतपणानंतर बाईचं पोट सुटलं तर कारखान्याच्या हिशेबानं तिचे खांदेही रुंदावले असणार. म्हणूनच डबल एक्सएलमध्ये पोट कसंबसं मावतं आणि खांद्यांत मात्र आणखी एक भाडेकरू राहील एवढी जागा उरते. शिवाय कटिंगच्या टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरून विजेच्या कटरनं एकदम कापतात. कटर जरा कलला की वरच्या थरातला एल आणि तळातला एल हे सख्खे भाऊ राहत नाहीत, चुलत होतात. वर सुती कापड आधी नीट आटवून घेतलेलं नसेल तर पहिल्या धुण्यात नातं आणखी लांबचं होतं. आणि शिवणीच्या आत माया सोडावी म्हटलं तर प्रत्येक कुर्त्यामागे तेवढं कापड जास्त जातं. हजारो कुर्ते शिवणारा माणूस ते का घालवील? त्यामुळे नंतर उसवून सैल करायची सोयही राहत नाही.

त्यातून जयपूर हे निर्यातीचं गाव. तिथल्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीतले कारखाने अमेरिकेसाठी शिवतात, विलायतेसाठी शिवतात, युरोपसाठी शिवतात, आणि जे नाकारलं जातं किंवा उरतं ते 'एक्सपोर्ट सरप्लस' म्हणून बाजारात ढिगानं येतं. अमेरिकेचा ८ म्हणजे साधारण विलायतेचा १२. एकाच ढिगात दोन्ही. नणंदबाईंनी ८ आकडा पाहून एक छानसा ड्रेस तिसरीतल्या भाचीसाठी बाजूला काढला. तो भाचीच्या आईला झाला.

या आकड्यांचं मूळ अमेरिकेतच आहे. तिथे १९३९-४० साली कृषी खात्याच्या लोकांनी सुमारे १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. गहू-मका मोजून झाल्यावर हाताशी वेळ असावा. हिशेबात मात्र फक्त गोऱ्या बायका धरल्या. पुढे १९५८ साली सरकारनं प्रमाण मापं ठरवून दिली, कंपन्यांनी ती हळूहळू गुंडाळली आणि १९८३ साली सरकारनंही अंग काढून घेतलं. कारण कंपन्यांना एव्हाना गुरुकिल्ली सापडली होती: कापड तेवढंच ठेवा, आकडा लहान करा. त्या काळी जी बाई १६ घालायची ती आज ८ घालते. बाई बारीक झाली नाही, लेबल बारीक झालं. बापू बाजारातल्या भाईसाहबांना हा इतिहास कोणी शिकवलेला नाही, पण "एम ले लीजिए" म्हणताना त्यांचा आवाज थेट न्यूयॉर्कच्या तोडीचा लागतो.

पुरुषांचं बघा. आमच्या यजमानांचा शर्ट ४२. तो जयपुरात ४२, जळगावात ४२ आणि पोट कितीही पुढे आलं तरी ४२. "कॉलर थोडी घट्ट वाटते" एवढी एक तक्रार दिवाळीला होते, आणि तीही इस्त्रीवाल्याबद्दल. त्यांना कुणी "आप पर तो एम भी ढीला होगा सर" असं म्हणून शर्ट विकलेला मी पाहिलेला नाही.

मापाचा खरा मान पाहायचा तर सिटी पॅलेसच्या आवारातल्या मुबारक महालात जावं. तिथे सवाई माधोसिंग पहिले यांचे कपडे मांडलेले आहेत. महाराज सात फूट उंच आणि अडीचशे किलो वजनाचे होते असं गाईड सांगतात. गाईडच्या किलोतून थोडे वजा केले तरी कपडे समोर आहेत, त्यांचा घेर पाहून माणूस चाट पडतो. या महाराजांना कोणी "सर, आपके साईझ में सिर्फ काला बचा है" असं म्हणाल्याची नोंद नाही. "पोट आत घ्या, चेन लागते का बघू" असंही नाही. अंगाप्रमाणे कापड बेतलं, संपला विषय. आम्हाला लहानपणी अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवलं. दंड पाहून बाही कापायची असते हे शिंप्याला शिकवायचं राहून गेलं.

या माधोसिंगांना गादीवर बसवण्यात आपलाही हात होता बरं का. जयपूरजवळचं बगरू म्हटलं की बायकांना आज दाबूची छपाई आठवते, पण १७४८ साली त्याच बगरूला मल्हारराव होळकर माधोसिंगांच्या बाजूनं त्यांच्या सावत्र भावाशी लढले. मराठी माणूस आजही बगरूला जातो. तेव्हा खंडणी मागायचा, आता डिस्काउंट मागतो. देणाऱ्याचा चेहरा दोन्ही वेळा सारखाच होत असणार.

आता कोणी म्हणेल, सरकार झोपलंय का? नाही, सरकारनं मोजायचं मनावर घेतलंय. वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशन-शिक्षणाची संस्था यांनी मिळून भारतीय अंगाची भारतीय मापं काढायचा प्रकल्प घेतला, २०१८ पासून त्याची चर्चा आहे. २५,००० माणसं, १५ ते ६५ वयाची, त्रिमिती स्कॅनरसमोर उभी करून मोजायची. कल्पना उत्तम, मी स्वतः रांगेत उभी राहिले असते. शहरं सहा, त्यांत दिल्ली, मुंबई, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग. ज्या गावात देशभरच्या बायकांचे कुर्ते शिवले जातात ते जयपूर यात नाही. एका अर्थी बरंच झालं. आचाऱ्याला जेवायला बसवलं की वाढप्यांची पंचाईत होते.

पश्चिम भारताच्या वाट्याला मुंबई. म्हणजे नागपूरच्या मावशी, कोल्हापूरच्या आत्या आणि आमच्या नणंदबाई यांचं माप आता मुंबईकर बाई ठरवणार. आणि मुंबईकर बाई म्हणजे संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर एका मांडीवर बसून प्रवास करणारी. ती मुळात कमी जागेत मावायला शिकलेली असते. तिच्या मापाचा कुर्ता कोल्हापुरात पांढऱ्या रश्शानंतर टिकेल, असं मला वाटत नाही.

वयाची मर्यादाही विचारात पाडणारी आहे. पासष्टपर्यंत माप आहे, पुढे नाही. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय, आता मी फ्री साईझ." त्या नऊवारी नेसतात. नऊवारीला लेबल नसतं. पण तिच्यावरचा ब्लाउज शिवायला टाकला की मात्र शिंप्याकडे तीन हेलपाटे ठरलेले, त्यामुळे नऊवारीचे गोडवे मी इथे गाणार नाही.

नणंदबाईंनी जयपूरहून आणलेल्या कुर्त्यांपैकी ते मानाचे एम पहिल्या धुण्यानंतर मोठ्या भाचीकडे गेले. हल्ली त्या मोबाईलवरूनच मागवतात. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध आहे: एकाच कुर्त्याचे एम, एल आणि एक्सएल असे तिन्ही मागवायचे, एक ठेवायचा, दोन परत. ॲपवर मापांचा तक्ता असतो, पण तो त्या दाते पंचांगातल्या वार्षिक राशिभविष्यासारखा वाचतात, म्हणजे आवडीनं आणि विश्वास न ठेवता. परत न्यायला येणारा पोरगा आता घरचाच झालाय. परवा मी तिथे असताना बेल वाजली.

"ताई, आज कुठला परत?"

"एक्सएल आणि एम."

त्यानं पिशवीवरचं कंपनीचं नाव वाचलं आणि मान हलवली. "यांचा एल दोन धुण्यांनंतर होत नाही हो. या सोसायटीतले सगळे एल मीच परत नेतोय. तुम्ही एक्सएल ठेवा, बाही घरी आत घ्या."

नणंदबाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि दिवाळीसाठी मागवायच्या कुर्त्यांची यादी त्याच्यासमोर धरली.