एक झाकण

आमच्या ऑफिसात फिनेलचा वास आला, की दोनच शक्यता असायच्या. मोठे साहेब तपासणीला येणार, किंवा अण्णा रजेवर.

अण्णा आमचे भांडारपाल. पुण्यातलं निमसरकारी ऑफिस, दोन मजले, चौतीस टेबलं आणि जिन्याखाली भांडार. टाचणीपासून टेबलखुर्चीपर्यंत सगळं अण्णांच्या नावावर. पण जीव मात्र साफसफाईच्या कपाटात. त्या कपाटाला दोन कुलपं. रोखपालाच्या तिजोरीला एकच होतं.

सकाळी साडेनऊला कपाट उघडायचं. समोर बादली घेऊन मावशी. अण्णा पाच लिटरचा कॅन तान्ह्या पोरासारखा मांडीवर आडवा घ्यायचे आणि कॅनचंच झाकण उलटं धरून त्यात फिनेल ओतायचे. काठोकाठ नव्हे. झाकणाच्या आत आटे सुरू होतात, तिथवर. मग झाकण बादलीत उपडं. बादलीतल्याच पाण्यानं ते विसळून ते पाणीही बादलीत. आणि शेवटी बोटाला लागलेला थेंब बादलीच्या काठाला निपटायचा.

“अहो अण्णा, फिनेल हाय का तीर्थ?” मावशी म्हणायच्या.

“तीर्थच समजा. फक्त हात डोळ्यांना लावू नका.”

यावरून त्यांचं नाव ‘एक झाकण’ पडलं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा असा वहीम आहे की मनातून आवडतही होतं. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. अण्णांना पर्यावरणाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. वसुंधरा दिनाचं परिपत्रक आलं तेव्हा त्यांनी एकच चौकशी केली होती: सुट्टी आहे का? त्यांचा मामला निखळ चिकटपणाचा होता. देशी, घरगुती, आईच्या हाताखाली मुरलेला.

मध्यंतरी एक नवे साहेब आले. त्यांना घमघमाट हवा होता. “ऑफिसात पाऊल टाकल्याबरोबर स्वच्छ वाटलं पाहिजे,” असं ते म्हणाले.

“साहेब, स्वच्छतेला वास नसतो. वास औषधाला असतो,” असं म्हणून अण्णांनी तिथल्या तिथं पैज लावली. आठवडाभर व्हरांड्याची डावी बाजू साहेबांच्या मनाप्रमाणे सढळ हातानं पुसायची, उजवी अण्णांच्या मापानं. शनिवारी अण्णांनी बूट काढले. पायात घरचे पांढरे मोजे. डावा पाय साहेबांच्या पट्ट्यात, उजवा आपल्या पट्ट्यात, असे ते फाकलेल्या पायांनी व्हरांडाभर चालत गेले. सगळ्या शाखा दारात उभ्या. टोकाला जाऊन त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि घोड्याचा नाल दाखवावा तसा एकेक तळवा वर केला. डावा काळाकुट्ट, उजवा राखाडी. आता यात जादू काही नाही. जास्तीचं फिनेल आणि साबण फरशीवर चिकट थर धरून राहतो, त्या थरावर धूळ बसते, आणि ती काढायला दुसऱ्या दिवशी आणखी औषध. पाणी दुधासारखं पांढरं झालं की माणसाला कामगिरी झाल्यासारखी वाटते, एवढाच त्या पांढरेपणाचा उपयोग. साहेबांनी नंतर वासाचं नाव काढलं नाही.

फडक्यांचं प्रकरण माझ्याशी निगडित आहे. अण्णांनी टिश्यूचे रोल किंवा पिवळी फडकी कधी विकत घेतली नाहीत. त्यांच्याकडे ‘जुने कापड’ अशी स्वतंत्र नोंदवही होती. एकदा मी पूरग्रस्तांसाठी म्हणून एक सदरा दिला होता. कॉलर विरली आहे, असल्या वस्तू माणसांना द्यायच्या नसतात, असं मला ऐकवून अण्णांनी तो बाद केला. महिन्याभरानं साहेबांच्या केबिनची काच पुसताना मला तो दिसला. नोंदवहीत पाहिलं: ‘फडके क्र. ७. मूळ: सदरा, निळ्या रेघा. देणगीदार: लेखाशाखा.’ खिसा तसाच ठेवला होता, शाईच्या डागासकट, आणि मावशी त्यात साबणाची चकती ठेवत. काचेवरून शेवटचा हात मात्र वर्तमानपत्राचा. जाहिरातींची गुळगुळीत पानं अण्णांना चालत नसत. काचेला साधा, खरखरीत कागद लागतो, शक्यतो अग्रलेखाचा.

चिकटपणाला दुसरी बाजूही असते, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या अंगावर निघते. मावशींचे रबरी हातमोजे फाटले तेव्हा अण्णांनी फक्त उजवा दिला. डावा अजून धड होता ना! पुढं उजवे फाटत गेले आणि डावे साठत गेले, तेव्हा अण्णांना शोध लागला की डावा उलटा केला की उजवा होतो. त्या दिवशी त्यांचा चेहरा आर्किमिडीजसारखा झाला होता. मावशींनी तो उलटा हातमोजा टेबलावर आपटला. “फिनेल वाचवा, कागुद वाचवा, समदं वाचवा. माझं हात काय भांडारात जमा हायत का?” भेगाळलेले तळवे त्यांनी अण्णांच्या नोंदवहीवर पसरले. अण्णा बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिले. मग कपाटातून कोरी जोडी काढून दिली आणि नोंद केली. नोंद मात्र ‘नग २’ अशी, ‘जोडी १’ अशी नाही. भविष्याची वाट मोकळी ठेवली होती.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं कृत्य म्हणजे कचऱ्याचे डबे. चौतीस टेबलांखाली चौतीस डबे, प्रत्येकात रोज नवी काळी पिशवी. संध्याकाळी आत काय, तर एक कागदी कप, एक चुरगाळलेला मसुदा, फार तर संत्र्याची साल. तेवढ्यावर गाठ मारून पिशवी बाहेर. महिन्याचे पंचवीस दिवस धरून अण्णांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर गुणाकार केला: ८५०. सोमवारी आम्ही आलो तर एकाही टेबलाखाली डबा नाही. जिन्याजवळ दोन पिंप, ओल्याला हिरवं, सुक्याला निळं. कर्मचारी संघटनेनं अर्ज दिला, ‘कचरा टाकण्यासाठी कर्मचाऱ्यास जागेवरून उठावे लागते.’ अण्णांनी त्यावर शेरा मारला, ‘ही तक्रार आहे की वैद्यकीय सल्ला?’

वाद मिटवला तो कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करते. त्या ताई त्यातल्याच. त्यांनी संघटनेच्या सरचिटणीसांना एवढंच सांगितलं, की गाठ मारलेली प्रत्येक पिशवी आम्हाला हातानं फोडून बघावी लागते, आणि कोऱ्या कागदावर तुमचा चहा सांडला की त्याची रद्दीसुद्धा होत नाही. सरचिटणीस उठले आणि आपला कप स्वतः जिन्यापर्यंत घेऊन गेले. मला वाटतं, त्यांच्या कारकिर्दीतलं हे पहिलं प्रत्यक्ष आंदोलन असावं.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि सगळे कापडी पिशव्या शोधू लागले, तेव्हा अण्णांकडे सभागृहाच्या जुन्या पडद्यांच्या चौदा शिवून तयार होत्या. त्यांनी त्या वापरायला दिल्या. परतीच्या बोलीवर.

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना मार्च आला. आमच्यासारख्या ऑफिसात काटकसर करणाऱ्याला उधळ्या माणसापेक्षा मार्चचं भय जास्त. वरून पत्र: ‘साफसफाईवरील मंजूर अनुदान अखर्चित का राहिले, याचा खुलासा करावा.’ खर्च झाला नाही तर पुढच्या वर्षी अनुदान कापणार. पैसे वाचवल्याबद्दल खुलासा मागितला जाण्याचा प्रसंग अण्णांच्या घराण्यात पूर्वी कुणावर आला नव्हता. २९ मार्चला साहेबांनी एकरकमी चाळीस कॅन मागवले. अण्णा त्या ढिगासमोर स्टुलावर बसले आणि हिशेब मांडू लागले. झाकणात दहा मिली, दिवसाला तीन झाकणं, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला नऊ लिटर. चाळीस कॅन म्हणजे दोनशे लिटर. “बावीस वर्षं,” ते म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला तीन उरली होती, आणि कॅनवर छापलेली मुदत दोन वर्षांची होती.

त्याच उन्हाळ्यात ‘हरित कार्यालय’ योजनेखाली पाहणीला एक तरुण बाई आल्या. हातात टॅबलेट. पहिलाच प्रश्न, “तुम्ही डायल्यूशन कसं कंट्रोल करता?”

अण्णा पांढरेफटक पडले. “पाणी मीच घातलं, हे कबूल आहे,” ते म्हणाले. “पण बादलीत घातलं. कॅनमध्ये नाही! कॅन मोजून घ्या.”

मला मध्ये पडावं लागलं. “अण्णा, त्या तुमच्या चिकटपणाला शाबासकी देतायत.”

“लेखी देतील?”

बाईंनी सदऱ्याचं फडकं हातात घेऊन कौतुक केलं. महागडी मायक्रोफायबरची फडकी धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात सोडतात, सुती कापड सोडत नाही, असं त्या म्हणाल्या. माझी छाती उगीचच फुगली. मग त्यांनी कपाटाला दोन कुलपं का, असं विचारलं, आणि इतकी वर्षं आम्ही ज्याला कंजूषपणा समजत होतो त्याचं उत्तर अण्णांनी खाली बघत दिलं. वरच्या कप्प्यात संडासाचं अॅसिड, खालच्यात ब्लीचिंग पावडर. पूर्वीच्या एका मुलानं जास्त चकाकी यावी म्हणून दोन्ही एकदम टाकली होती. क्लोरीन सुटला, पोरगा दोन दिवस खोकत होता. तेव्हापासून दोन्ही एकाच वेळी कुणाच्या हातात जात नाहीत.

बाई जाताना अण्णांना एक कृती देऊन गेल्या, आणि तिनं घात केला. बायोएन्झाइम. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवायचं. संडास-बेसिन धुवायला चांगलं. आंबट असतं, म्हणून शहाबादी फरशीवर टाकू नका, हेही त्यांनी बजावलं. कँटीनच्या साली फुकट! अण्णांनी गुळाच्या ढेपेचा तळातला चुरा मिळवला आणि भांडारात निळा ड्रम भरला. बाईंनी आणखी एक सांगितलं होतं, की पहिला महिनाभर रोज झाकण उघडून वायू जाऊ द्यायचा. इथं अण्णांचा स्वभाव आडवा आला. आपल्या ड्रममधून काहीतरी फुकट बाहेर जातंय, ही कल्पनाच त्यांना सोसेना. त्यांनी झाकण आवळलं आणि वर पाना फिरवला.

मे महिना, जिन्याखालची बंद खोली, अकरावा दिवस. वर पुढच्या वर्षीच्या फिनेलच्या मागणीवर बैठक चालू होती. खालून असा आवाज आला की साहेब टेबलाखाली गेले, आणि तिथं डबा नसल्यामुळे त्यांना नीट बसता आलं. आम्ही धावलो. चाळीस कॅन जागचे हलले नव्हते. छताला लिंबाच्या साली चिकटल्या होत्या आणि एकेक सावकाश खाली पडत होती. सबंध ऑफिसात लोणच्याच्या बरणीचा वास. अण्णा नोंदवही उघडून लिहीत होते: ‘झाकण, मोठे, नग १. उडाले. शोध चालू.’

मावशी बादली घेऊन दारात आल्या. छताकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

“आता ह्याला किती झाकणं?”

अण्णांनी पेन खाली ठेवलं. वर पाहिलं, एक साल चष्म्यावर पडली, ती त्यांनी काढून सुक्या नव्हे, ओल्या पिंपात टाकली.

“दोन,” ते म्हणाले. “पण दुसरं अर्धं.”