चवीपुरता पन्हाळा

सायकल चालवली की वजन उतरतं, हा सिद्धांत कोल्हापूरच्या पश्चिमेला लागू पडत नाही. तिकडे रस्त्याला लागून शेत असतं, शेतात मालक असतो आणि बांधावर आलेला माणूस न खाता पुढे गेला तर त्या मालकाला रात्री झोप लागत नाही.

आमच्या पुणेकर टोळीच्या म्होरक्याला याची कल्पना नव्हती. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, सहलीचाही ताळेबंद मांडूनच निघालेला. गंगावेशीतून सकाळी सुटायचं, प्रयाग चिखलीवरून पन्हाळा गाठायचा, वाटेत शेताशेतांवर थांबून तिथला जिन्नस चाखायचा. ‘चाखायचं, चेपायचं नाही’ हे सहलीचं घोषवाक्य. किती उष्मांक जळले ते मनगटावरचं घड्याळ सांगणार आणि तेवढेच पोटात जाणार. जमाखर्च पैशापैशाला जुळणार.

ताळेबंद गंगावेशीतच हलला. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळलेला पेला हातात देतात. मधे पिशवी नाही, फ्रीज नाही, की विचार बदलायला वेळ नाही. म्होरक्यानं अर्धा पेला मागितला.

‘‘अर्धा कुनाला? मांजराला?’’ गवळ्यानं विचारलं.

शेजारी एक पैलवान गडी तांब्यानं पीत होता. त्यानं आमच्या घट्ट तंग कपड्यांकडे आणि त्यातल्या पायांच्या काड्यांकडे इतक्या कळवळ्यानं पाहिलं, की सगळ्यांनी मुकाट्यानं पूर्ण पेले रिचवले. घड्याळात तोवर शून्य उष्मांक जळले होते.

शिवाजी पूल ओलांडला की दोन्ही हातांना ऊस सुरू होतो. दिवस गळिताचे. पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्यावर ठणठणणारी गाणी आणि मागे चिपाडाची धूळ खात आम्ही. ट्रॅक्टरवाल्यानं मान वळवून ‘‘टाका की सायकली वर!’’ अशी हाक दिली. आंबेवाडीच्या फाट्यावर चहाला थांबलो, तर एका आजोबांनी म्होरक्याच्या सायकलीची किंमत विचारली. ती ऐकून ते बराच वेळ तिच्याभोवती फिरले.

‘‘एवढ्यात म्हस आली असती,’’ ते म्हणाले. ‘‘आन् म्हशीला हवा भरावी लागत न्हाई.’’

प्रयाग चिखलीला भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त आहे, आणि तिथून पुढे नदीचं नाव पंचगंगा. एवढं पाणी आणि एवढी काळी माती असल्यावर उसानं दुसरीकडे जावं तरी कशाला? शाहूमहाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती याच मुलखातल्या गुळाच्या व्यापारासाठी. तो गूळ कसा होतो हे बघायला आम्ही संगमापासून जवळच्या एका गुऱ्हाळावर शिरलो, आणि सहलीची उरलीसुरली शिस्त तिथे विरघळली.

घाण्यातून रस येत होता. चुलवाणात एक गडी वाळकी चिपाडं कोंबत होता आणि वर भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत होता. त्यात रानभेंडीचा चिकट रस पडला, की सगळी घाण वर येते. ती मळी झाऱ्यानं काढून टाकायची. हे सगळं गुळव्याच्या एका नजरेवर चालतं. त्याच्याकडे ना घड्याळ, ना तापमापक. पाक दाटत आला तसा त्यानं थोडा उचलून गार पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि भांड्याच्या काठावर आपटली. टण्ण! त्यासरशी चारपाच गड्यांनी काहील उचलून वाफ्यात ओतली. क्षणभर उशीर झाला असता तर गूळ करपला असता. आमचा म्होरक्या अजून घड्याळात बघत होता.

मालकानं आधी रस दिला. ‘‘फक्त चव बघतो,’’ म्होरक्या म्हणाला. मालकानं मान डोलावली आणि लोटा भरून दिला. मग वाटीतून काकवी आली. ती प्यायची की चाटायची हे ठरेपर्यंत वाटी दुसऱ्यांदा भरली होती. मग वाफ्यातला कोमट, लिबलिबीत गूळ उसाच्या कांडक्यावर गुंडाळून प्रत्येकाच्या हातात आला, सोबत भाजक्या शेंगा.

‘‘बास, बास, चवीपुरतं झालं!’’

‘‘ही मगाच्या आदणाची चव हुती. आता नव्या आदणाची बघा.’’

शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ निघतो, ही माहिती म्होरक्यानं वहीत टिपून घेतली. त्यातला किती आमच्यात गेला, हा आकडा मात्र त्यानं लिहिला नाही. निघताना मालकानं प्रत्येकाच्या पाठपिशवीत किलोची एकेक ढेप घातली. पैसे काढले तर म्हणाला, ‘‘ठेवा की ओ. तीस किलोचा रवा देनार हुतो, पन सायकलीला क्यारेज न्हाई तुमच्या.’’

पुढचा चढ हा विषय थोडक्यात उरकलेला बरा. केर्लीपर्यंत आम्ही सायकली चालवल्या. वाघबीळच्या पुढे आम्ही त्यांना ढकललं. पन्हाळा भोवतालच्या मैदानापासून चारशे मीटर वर आहे आणि त्यातला मीटरन् मीटर आमच्या पोटातल्या काकवीला जाणवत होता. वाटेत एका वस्तीवरच्या मावशींनी ‘‘दमलासा जनू, ताक घेता?’’ म्हणून हाक मारली. ताकाबरोबर शाळूची भाकरी येते, हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं.

गडावर पोचलो तेव्हा म्होरक्याच्या घड्याळानं आनंदानं शिट्टी मारली: आजचं उद्दिष्ट पूर्ण. तो जमाखर्चाला बसला. जळलेले उष्मांक गुऱ्हाळावरच्या पहिल्या लोट्यापर्यंतच पुरत होते. काकवीपासून पुढचं सगळं बुडीत खाती. त्यानं वही मिटली आणि आता एक घोटभर पाण्यापलीकडे काही नाही, असं जाहीर केलं.

तेवढ्यात चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या बाईंचा आवाज आला, ‘‘झुनका-भाकर, खर्डा, दही!’’ तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. ठेचलेल्या हिरव्या मिरच्यांचा खमंग ठसका नाकात शिरला आणि टोळीतली अर्धी माणसं न सांगता घोंगडीवर बसली.

म्होरक्यानं शेवटचा प्रयत्न केला. ‘‘बाई, आम्ही सगळ्यांत मिळून एकच भाकरी घेऊ. जरा चवीपुरती.’’

बाईंनी हात थांबवला. सायकली बघितल्या, घामानं निथळणारे आमचे चेहरे बघितले.

‘‘चवीपुरतंच खायाचं हुतं तर येवढा डोंगर चढून कशाला आलासा?’’

बँकेत चाळीस वर्षं भल्याभल्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाला यात खोट काढता आली नाही. त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडून खिशात टाकलं, मांडी ठोकली आणि ताट पुढे ओढलं.

‘‘खर्डा जरा जास्त वाढा,’’ तो म्हणाला.