गॅसच्या गोळीस अनावृत पत्र

सौ. गोळीबाई यांस,



चिठ्ठी सर्दीची असो वा गुडघेदुखीची, शेवटच्या ओळीत आपण असताच. पाय मुरगळला, दाढ काढली, तरी आपल्यावाचून पुडी बांधली जात नाही. ‘बाकीच्या गोळ्या गरम पडतात, म्हणून ही’ असं कंपाउंडर सांगतो आणि आम्ही माना डोलावतो. खरं तर आपण पोटाला अस्तर लावत नाही की गॅसही काढत नाही. जठरातले आम्ल सोडणारे पंप तेवढे बंद करता. अल्सरच्या रुग्णाला, किंवा रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपला आधार मोठा, हे कबूल. पण तीन दिवसांच्या सर्दीत आपलं काय काम? असं विचारायचं नसतं, डॉक्टरांना राग येतो. आणि चिठ्ठीवर एकच औषध लिहिलं तर रागवायची पाळी आमची. फी कशाची दिली मग?

आपल्याला घ्यायचं जेवणाआधी अर्धा तास. आम्ही भरल्या पोटी, सगळ्या गोळ्यांबरोबर एका घोटात गिळतो. दाम पूर्ण, गुण अर्धा. एका गोळीचे असे किती पैसे होतात, म्हणाल. पण २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशात आरोग्यावर खर्चल्या जाणाऱ्या दर शंभर रुपयांतले सुमारे ३९ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरतात. त्यात आपला वाटा कुणी वेगळा मोजत नाही, हे आपलं नशीब.

शिवाय आपण पाच दिवसांसाठी येता आणि पाच वर्षं मुक्काम ठोकता. बंद करावं तर आम्ल दुप्पट जोरानं उसळतं, की पुन्हा आपणच. मग कुणाचं बी-१२ उतरतं, कुणाचं मॅग्नेशियम. त्यांच्या तपासण्या, इंजेक्शनं, सगळ्याचं बिल वेगळं. ओमेप्राझोल असाल तर हृदयरुग्णाच्या क्लोपिडोग्रेलचा जोरही कमी करता; रुग्ण बिचारा दोन्हींचे पैसे मोजतो.

डॉक्टर-दवाखान्यांनाही आपण सोडत नाही. आपल्या दीर्घ सहवासात, त्यातही अँटिबायोटिक सोबत असेल तर, आतड्याच्या एका चिवट जंतूचे जुलाब होण्याचा धोका वाढतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचा दर पॅकेजनं ठरलेला. असा रुग्ण चार दिवस जास्त राहिला तर तो खर्च रुग्णालयानं सोसायचा, आणि खाट अडते ती निराळीच. सरकारी दवाखान्यात आपल्यावर उडालेला पैसा रक्तदाबाच्या गोळ्यांना पुरत नाही, मग ‘बाहेरून आणा’.

औषधांच्या जाहिरात-विक्रीसाठीच्या मार्च २०२४ च्या संहितेनं औषध कंपन्यांच्या भेटवस्तू आणि डॉक्टरांच्या परदेश सहली यांना मनाई केली. आपली वर्णी मात्र अजून लागतेच. सवयीला संहिता नाही.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी चिठ्ठीत बसताना ‘कशासाठी’ आणि ‘किती दिवस’ एवढं शेजारी लिहून घ्या. जागा नसेल तर आपण नाही आलात तरी चालेल.

आपला,
बी-१२ची तपासणी करून आलेला एक ग्राहक

ता. क. पावती मागितली होती, मिळाली नाही.