हळूभाऊ

नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत हळूभाऊंचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर सापडतं. एरवी ते सगळ्यांचे हळूभाऊ, कारण गाडीबद्दल काहीही विचारा, उत्तर ठरलेलं : "मी हळूच चालवतो." पोराला बेल्ट नाही? मी हळूच चालवतो. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलंय? अहो काका, मी हळूच चालवतो! गाडी घेतल्यावर जायचं कुठे, हा प्रश्न पनवेलकराला पडत नाही. कळंबोलीला एक्सप्रेसवे सुरू होतो, पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो, शिवाय आता अटल सेतू. त्यामुळे दर रविवारी हळूभाऊ सहकुटुंब कुठे ना कुठे हळू जात असतात. एक्सप्रेसवेवर कारला वेगमर्यादा ताशी 100 आहे. हळूभाऊंच्या हिशेबात हळू म्हणजे 98.

माणूस निष्काळजी मुळीच नाही. गाडी 2024 मध्ये घेतली, सीटवरचं शोरूमचं प्लॅस्टिक अजून शाबूत आहे. लिंबू-मिरची दर शनिवारी बदलते. टायरमध्ये साधी हवा चालत नाही, नायट्रोजन लागतो. कागदपत्रं लॅमिनेट केलेली. डिकीत दोरी, बॅटरी, छत्री आणि गाडी लागणाऱ्यांसाठी आवळासुपारी. गाडीतली प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे, घट्ट. सैल वस्तू एकच, ती म्हणजे चिरंजीव. ते कधी दोन सीटच्या मधे उभे असतात, कधी गिअरवर चढतात, कधी सनरूफमधून मान बाहेर काढून वाशीच्या दिशेने टाटा करतात.

गंमत म्हणजे गाडी घेतली ती चिरंजीवांसाठीच. "काका, पाच तारे आहेत! मुलांच्या सुरक्षेचे वेगळे पाच!" असं सांगत त्यांनी पेढे वाटले होते. हे तारे देणारा भारत एनकॅप कार्यक्रम 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाला आणि त्यात मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे देतात, हे खरं. पण त्या चाचणीत मागे दोन बाहुल्या बसवतात, एक दीड वर्षाच्या मुलाएवढी, दुसरी तीन वर्षांच्या. आणि दोघींनाही चाइल्ड सीटमध्ये आवळून बसवतात. ते तारे त्या बाहुल्यांनी मिळवलेले आहेत. सनरूफमधून टाटा करून नव्हे.

सीट घरात नव्हती असंही नाही. पुण्याच्या मामाने बारशालाच दिली होती, चांगली महागाची. ती टीव्हीसमोर मांडली गेली आणि चिरंजीवांनी वर्षभर तिच्यात बसून नाचणीचं सत्त्व खाल्लं. पाच ठिकाणी अडकणारा पट्टा, दोन्ही खांदे पक्के, आणि हॉलचा वेग ताशी शून्य. वहिनींनी एकदा हट्टाने ती गाडीत बसवली. मूल गेटपासून खांदा कॉलनीपर्यंत रडलं. आजी म्हणाल्या, "काय गं, गुरासारखं बांधून घातलंय लेकराला! आणि तोंड मागे करून? बघणार कुणाकडे ते?" मी तेव्हा गाडीत होतो. म्हटलं, आजी, तान्ह्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. तोंड मागे असलं की धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. 1964 च्या सुमाराला स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांची आसनं बघूनच ही उलटी सीट काढली. आजींनी शांतपणे ऐकलं आणि नातवाचा पट्टा सोडत म्हणाल्या, "अंतराळात जायचं असेल तेव्हा बसवू. आत्ता पेणला जायचंय."

पेणला जायचं होतं ते गणपतीची मूर्ती आणायला. हा प्रसंग आमच्या सोसायटीत अजून सांगतात. मूर्ती शाडूची, वजन दहा किलोच्या आसपास. हळूभाऊंनी मागच्या सीटवर आधी गोधडी अंथरली, तिच्यावर पाट, पाटावर बाप्पा, दोन्ही बाजूंना उशा. मग बेल्ट ओढून खटकन लावला, बेल्टचा काच सोंडेला लागू नये म्हणून मधे मऊ टॉवेल घातला. तरी समाधान होईना. तेव्हा सीट आणि पाठ यांच्या फटीत त्यांना दोन लोखंडी कड्या सापडल्या. "कंपनी विसरलेली दिसते," असं म्हणत त्यांनी पाट सुतळीने त्या कड्यांना बांधला. त्या कड्या म्हणजे आयसोफिक्स, चाइल्ड सीट अडकवण्यासाठीच दिलेल्या! पेण ते पनवेल गाडी खरोखर हळू आली; खड्डा दिसला की हळूभाऊ आधी थांबत, मग बाप्पाकडे बघत, मग पुढे सरकत. चौदा महिन्यांचे चिरंजीव, वजन तेही दहाच किलो, पुढच्या सीटवर वहिनींच्या मांडीवर उभं राहून एसीची बटणं दाबत होते.

दहा किलोचं मूल मांडीवर आहे आणि गाडी ताशी 50 च्या वेगाने कशावर तरी आदळली, तर त्या क्षणी ते दोनशे किलोच्या किंवा त्याहून जास्त जोराने पुढे फेकलं जातं. हे धरून ठेवणं पहिलवानाच्या हातांनाही जमणार नाही. आजींना मी हेही सांगून पाहिलं. "मी नाही हो सोडायची माझ्या नातवाला," म्हणाल्या. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. शंका मनगटांबद्दल आहे.

कायदा हळूभाऊंना तोंडपाठ आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल बेल्टविना किंवा चाइल्ड सीटविना नेलं तर हजार रुपये दंड, स्कूटरवर चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट, वेग 40 च्या आत. हे सगळं सांगून ते विचारतात, "पण काका, सीट नाही म्हणून कुणाला दंड झालेला ऐकलात?" ते स्वतः बेल्ट लावतात तो कॅमेऱ्यासाठी. एरवी बेल्टची शिट्टी वाजू नये म्हणून त्यांच्याकडे ती बनावट क्लिप आहे. अशा क्लिपांच्या 13,118 जाहिराती 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारांतून काढायला लावल्या. हळूभाऊंनी त्याआधीच दोन घेऊन ठेवल्या होत्या. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

डिसेंबर 2024 मध्ये वाशीत एअरबॅग उघडली आणि पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा गेला. पुढची एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबाने, पापणी लवायच्या आत उघडते; लहान मुलाला तोच फटका. त्या आठवड्यात हळूभाऊ कुणाशी फारसं बोलले नाहीत. चिरंजीव तेव्हापासून मागे गेले. मागे, आजींच्या मांडीवर.

मग न्यू जर्सीची बहीण आली, पाच वर्षांची मुलगी घेऊन. ही पोरगी स्वतःचं बूस्टर विमानाच्या सामानातून घेऊन आली होती. गाडीत चढली, बूस्टरवर बसली, बेल्ट ओढला आणि चिरंजीवांकडे बोट दाखवून म्हणाली, "मामा, ह्याची सीट कुठंय?" हळूभाऊ म्हणाले, "मी हळूच चालवतो." तिला मराठी समजतं, हे उत्तर समजलं नाही. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा विचारला. शेवटी ताईला बघून चिरंजीवांनीच भोकाड पसरलं : मलाही बांधा! माळ्यावरून सीट उतरली, विसरलेल्या कड्यांत अडकली, आणि चिरंजीव पनवेल ते पुणे अख्खा प्रवास झोपले. हळूभाऊंनी त्या दिवशी कबूल केलं की मागून कुणी केस ओढत नसेल तर गाडी चालवायला बरं वाटतं.

ताई परत गेली. पुढच्याच रविवारी काकू, मावशी आणि फणस असे तिघे वाढले. सीट एका माणसाची जागा खाते, असा शोध लागला आणि ती पुन्हा माळ्यावर चढली. परवा सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली : "बेबी कार सीट, नव्यासारखी, खोक्यासकट. मुलगा मोठा झाल्यामुळे विकणे आहे." मोठा म्हणजे तीन वर्षांचा. युरोपात उंची 150 सेंटीमीटर होईपर्यंत, काही देशांत 135 पर्यंत, मुलांना सीट नाहीतर बूस्टर सुटत नाही.

सीट चांगली आहे, हे मी खात्रीने सांगतो. अपघातात सापडलेली जुनी सीट घेऊ नये, पण हिच्याबाबत ती भीती नको. हिचं आयुष्य टीव्हीसमोर गेलंय. अठरा किलोपर्यंत चालते, चिरंजीव सध्या चौदा किलोंचे आहेत. कुणाला हवी असेल तर घेऊन जा आणि हॉलमध्ये न मांडता गाडीत बसवा. आणि ती चिरंजीवांसाठीच ठेवा, असं हळूभाऊंना पटवता येत असेल तर जरूर पटवा. ते रविवारी सकाळी नऊला निघतात, त्याआधी या.