पोट कापलं, पंगत तशीच

जाड माणसाला सल्ला द्यायला पदवी लागत नाही, दहावी नापासही चालतो. लिफ्टमध्ये, लग्नात, बसच्या रांगेत, कुठेही समोरचा जरा रुंद दिसला की आपल्यातला आहारतज्ज्ञ जागा होतो. "भात बंद करा." "सकाळी कोमट पाण्यात मध घ्या." "आमच्या साडूंनी दीक्षित केलं, बघा कसे उतरले." आणि एके दिवशी हा रुंद माणूस खरोखरच दवाखान्यात जाऊन जठराचा तीन चतुर्थांश भाग काढून आला, की तेच सल्लागार वाढायचा डाव घेऊन पुढ्यात उभे. "एवढंसंच? आमच्याकडे येऊन असे उपाशी जाणार? घ्या हो, एकाने काय होतंय!"

एकाने काय होतं ते सांगतो. पण जरा दमाने.

वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेला महाराष्ट्र नवखा नाही. नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, 2011 मध्ये, त्यांनी मुंबईत ती करून घेतली. जसं खाणं कधी लपवलं नाही, तसं ऑपरेशनही लपवलं नाही. 2017 च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका स्थूल पोलिसाचा फोटो टाकून 'भारी' बंदोबस्ताची कोटी केली. पोलीस मुंबईचा नव्हे, मध्य प्रदेशातला निघाला. आपलं वजन खाण्याने नव्हे, आजारपणाने वाढलंय, असं त्याने सांगितलं आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याला चेष्टेच्या बदल्यात निदान ऑपरेशन तरी मिळालं. बाकीच्यांना नुसती चेष्टा मिळते.

आता नाशिकच्या सातपूरला या. एका बाजूला महिंद्रा, बॉश, सिएट आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपं, दुसऱ्या बाजूला अशोकनगर, श्रमिकनगर, शिवाजीनगर, आणि या वस्त्यांमध्ये पोटासाठी आलेला खानदेश. पोटासाठी आलेल्या गावात एखाद्याने पोटच कमी करून घ्यायचं म्हणजे थोडा अपमानच. असा एक फोरमन कल्पनेनेच उभा करू. खऱ्या माणसाचं नाव घेऊन त्याच्या डब्याची चर्चा करणं बरं नव्हे.

फोरमनसाहेबांचं स्लीव्ह झालंय. म्हणजे जठराचा फुगीर भाग कापून काढला आणि अरुंद नळी ठेवली, सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटर मावेल एवढी. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला 30 मिलिलिटरच्या आसपासची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. (बायपास म्हटलं की नातेवाईक हृदयाची समजतात आणि बिनतेलाची भाजी घेऊन भेटायला येतात. ती या पेशंटलाही चालते, तेव्हा गैरसमज दूर करण्याची घाई नको.)

लोकांना वाटतं, पोट लहान झालं म्हणून माणूस कमी खातो. गोष्ट तेवढीच असती तर भुकेने कासावीस होऊन फोरमनसाहेबांनी आठवड्यात दवाखान्याच्या काचा फोडल्या असत्या. खरी गंमत कापून टाकलेल्या भागात आहे. तिथे घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं. 1999 मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. हा शरीरातला जेवणाच्या सुट्टीचा भोंगा. स्लीव्हमध्ये भोंग्याचा बराचसा भाग जागेवरून उचलूनच नेतात. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोचतं, त्यामुळे 'पुरे' असं मेंदूला कळवणारी जीएलपी-1 आणि पीवायवाय ही संप्रेरकं जास्त सुटतात. मौंजारोसारख्या ज्या इंजेक्शनांची सध्या मेडिकलच्या काउंटरवर दबक्या आवाजात चौकशी चालते, तीही याच जीएलपी-1 ची वाट चोखाळतात.

परिणाम असा की पहिले काही महिने फोरमनसाहेबांना भूकच लागत नाही. जन्मभर ज्यांना 'हावरट' म्हणून हिणवलं, ते आता घड्याळ लावून जेवतात, नाहीतर विसरतात. आधी वरणाचं पाणी आणि पातळ ताक, मग घोटलेलं वरण, मग मऊ भात, आणि पोळी-भाजीपर्यंत यायला दीड-दोन महिने. चवही फिरते. काल आवडलेलं अंडं आज नकोसं, फोडणीच्या वासाने मळमळ, नेहमीचाच चहा पाकासारखा गोड. दीक्षितांचं दिवसातून दोनदाच की ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी, यावर मराठी घरांत भाऊबंदकी पेटली होती. सर्जनने सुरुवातीला पाच-सहा वेळा थोडं थोडं लिहून दिलं आणि दिवेकर पार्टी निदान या घरात बिनविरोध निवडून आली.

पुढची अडचण कायद्याची. 1948 च्या कारखाने कायद्याने सलग पाच तास कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी दिली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दहा मिनिटांत डबा संपवून तंबाखू मळणारा कामगार असावा. फोरमनसाहेबांना प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावायचाय. छोटी वाटी संपायलाच अर्धा तास जातो. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावरही अर्धा तास नाही. म्हणजे पाणी प्यायचं ते मशीनवर परतल्यावर, घोट घोट. घाई केली, एक घास जास्त झाला, की छातीत दाटतं आणि थेट बेसिनकडे पळावं लागतं. कँटीनमधल्या टेबलावर निदान तयार: "साहेबांना अल्सर आहे."

पोट भरल्याची खूणही बदलते. पूर्वी ढेकर यायची, आता काहींचं नाक वाहायला लागतं, काहींना शिंक येते, काहींना उचकी. उचकी लागली की शेजारचा हमखास म्हणणार, "कोणीतरी आठवण काढतंय." काढतंय ना. कापून टाकलेलं जठर.

आता एकाने काय होतं ते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी खापरावरचे मांडे आणि आमरस. फोरमनसाहेबांच्या मामींनी रस वाटीत नाही, ताटात ओतला. पूर्वी जठराचं दार खाल्लेलं थोडं थोडं करून पुढे सोडायचं. बायपासवाल्याकडे ते दारच वाटेतून गेलंय, स्लीव्हवाल्याचंही रिकामं होणं वेगवान झालंय. साखरेचा लोंढा आतड्यात धडकतो, तिथे पाणी खेचलं जातं, आणि दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते, माणूस आडवा होतो किंवा संडास गाठतो. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. बायपासमध्ये हे जास्त होतं, स्लीव्हमध्ये कमी, पण होतं. दुसरा अंक एक ते तीन तासांनी: इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, रक्तातली साखर खाली येते, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी. यावर मामींचा उपाय काय? "अशक्तपणा आलाय त्याला. अजून थोडा रस दे."

आपल्याकडे पाहुण्याने ताटावर हात आडवा धरणं म्हणजे नकार नव्हे, खेळाची सुरुवात. तो 'नको' म्हणणार, आपण वाढणार, तो लटका रागावणार, आपण जिंकणार. भूल देऊन, दुर्बिणीतून, टाके घालून केलेलं लाखो रुपयांचं काम आपण एका डावाने उलटवू पाहतो, तेही प्रेमाने. सर्जन ऑपरेशनआधी पेशंटला आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. पाठवायला हवं ते मामींना.

संध्याकाळचा विषयही काढायला हवा, कारण गाव नाशिक आहे आणि द्राक्षं फक्त खायची असतात असं इथे कोणी मानत नाही. बायपासची पिशवी साधारण एका स्मॉल पेगएवढी. दारू तिथे थांबतच नाही, झटकन आतड्यात आणि तिथून रक्तात जाते. लवकर चढते, जास्त चढते. दोस्तमंडळींना हा बचतीचा मार्ग वाटतो. पण दारूचं व्यसन लागण्याचं प्रमाण ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षापासून वाढल्याचं अभ्यासात दिसलंय, हा भाग बैठकीत कोणी काढत नाही. तसंच कंबरदुखीच्या गोळ्यांचं. मशीनपुढे उभं राहून पाठ धरली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक आणायची, ही औद्योगिक वसाहतीची जुनी सवय. बायपासनंतर याच जातीच्या गोळ्या जोडाजवळ व्रण करतात. पेशंटने केमिस्टला ऑपरेशनचं सांगितलेलं नसतं, केमिस्टने विचारलेलं नसतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात. वजन भराभर उतरलं आणि प्रथिनं कमी पडली की हे होतं; बहुतेकांचे परत येतात. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या मात्र जन्मभर. शाकाहारी माणसाचं बी-12 आधीच तळाला असतं, त्यात आता ते शोषून घ्यायची यंत्रणाच अधू. पण कॉलनीला गोळ्यांचं काय? तिला चेहरा दिसतो. "किती उतरलात! शुगर निघाली का?" "काही मोठं तर नाही ना?" पंचवीस वर्षं ज्याला 'बारीक व्हा' सांगितलं, तो बारीक झाल्यावर त्याच्या मरणाची काळजी सुरू. आणि कारण कळलं की चेहऱ्यावर नाराजी: "अच्छा, ऑपरेशन. म्हणजे शॉर्टकट." घोटलेलं वरण चमच्याचमच्याने खाऊन बघा एकदा, रस्ता किती शॉर्ट आहे ते कळेल.

विमा कंपन्यांनाही विनोदबुद्धी असते. विमा नियामकाच्या 2019 च्या नमुना अटींप्रमाणे बीएमआय 40 असेल तर, किंवा 35 आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास असलं काही असेल तर शस्त्रक्रियेचा खर्च विचारात घेतात. पाच फूट पाच इंचाच्या माणसाने हा 40 चा आकडा गाठायचा तर वजन हवं 109 किलोच्या आसपास. इकडे सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 मध्ये आशियाई लोकांसाठी उंबरठा 27.5 वर आणला, म्हणजे त्याच उंचीला 75 किलो. एकाला वाटतं, तुम्ही अजून पुरेसे आजारी नाही. दुसऱ्याला वाटतं, टेबलवर या. मधल्या 34 किलोंत सातपूरचा बराच मोठा मतदारसंघ बसतो.

वर्ष-दीड वर्षाने भूक परत येते. आधीइतकी नाही, पण येते. नळी थोडी सैलावते, शरीर नव्या व्यवस्थेला सरावतं, वजन उतरायचं थांबतं, काहींचं थोडं चढतंही. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं असतं, पण तेव्हा लक्ष 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंकडे असतं. आणि या वळणावर खरा शत्रू पुरणपोळी नसतेच, ती जड पडते म्हणून माणूस तिला भितो. शत्रू फरसाण. कोंबडीचा तुकडा चावावा लागतो, पोटात थांबतो, 'बस' म्हणतो. शेव, चिवडा, खारी, बिस्किट तोंडातच विरघळतं आणि अडथळ्याविना खाली घसरतं. 'बस' म्हणायला कोणी उरतच नाही. टीव्हीपुढे बरणी घेऊन बसलं की शंभर मिलिलिटरचं पोट अख्ख्या बरणीला पुरून उरतं.

म्हणूनच या मंडळींनी नाशिकच्या मिसळीकडे सर्जनच्या नजरेने पाहावं. मटकी उत्तम, प्रथिनं, आधी तीच. फरसाण वर सांगितलं तसं. पावाचा ओला लगदा होतो आणि तो वाटेत अडून बसतो. तर्री तर स्लीव्हवाल्याला वर्ज्यच म्हणावी, कारण या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांची आंबट-जळजळ वाढते आणि ती काळ्या मसाल्याने शमल्याचं ऐकिवात नाही. सोबतच्या जिलेबीवर आखाजीचे नियम लागू. राहिली वाटीभर मटकी आणि दही. तेवढं खायला चुलीवरच्या मिसळीच्या ठिकाणी जायचं, रांगेत नंबर लावायचा, आणि समोर पाटी: 'एका मिसळीत दोघांना बसता येणार नाही'.

अमेरिकेत बरेच दवाखाने अशा पेशंटला खिशात ठेवायचं एक कार्ड देतात: या व्यक्तीच्या पोटाची शस्त्रक्रिया झालेली आहे, कृपया छोटी किंवा मुलांची प्लेट द्यावी. फोरमनसाहेबांनीही तसं कार्ड मराठीत छापून घेतलं असं समजू, दवाखान्याच्या शिक्क्यासह. मालक गल्ल्यावरून उठून येईल, कार्ड दोनदा वाचेल, साहेबांकडे वरपासून खालपर्यंत बघेल आणि आत ओरडेल, "एक हाफ! आणि साहेबांचं ऑपरेशन झालंय रे, रस्सा हात सोडून वाढ!"