हलायचं नाही, बोलायचं नाही

बेसबॉलमध्ये एक पराक्रम असा आहे की त्यात काहीच घडत नाही, आणि तेवढ्यासाठीच लोक वेडे होतात. समोरच्या संघाचे २७ फलंदाज येतात आणि २७ च्या २७ बाद होऊन परत जातात. पूर्ण सामन्यात एकाचाही पाय पहिल्या तळाला लागत नाही. याला ते ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये १८८० पासून २०२३ पर्यंत हे फक्त २४ वेळा झालं.

लासलगावात आमच्या शेजारच्या आप्पांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. आप्पांनी बिडी विझवली आणि विचारलं, “म्हणजे कोणी पळालंच नाही?”

“नाही.”

“आणि लोक पैसे देऊन बघत बसले?”

बसले, आणि तेही जागचं न हलता. कारण तिकडे असा समज आहे की हे चालू असताना त्याचं नावही काढायचं नाही. संघातले सोबती गोलंदाजाच्या शेजारी बसत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत. १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉन लार्सन हा पराक्रम करत होता. सातव्या डावाच्या सुमारास त्यालाच राहवलं नाही, म्हणून त्याने संघातल्याच मिकी मँटलजवळ विषय काढला. मँटलने उत्तर दिलं नाही, तो उठून चालता झाला. एवढा मोठा फलंदाज, पण दोन वाक्यांना घाबरला!

हे ऐकल्यावर मात्र आप्पांना अमेरिका एकदम जवळची वाटू लागली. कारण हा नियम आमच्या बाजार समितीत रोज पाळला जातो. सकाळी ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागलेली असते, व्यापारी एकेका गाडीवरचा कांदा हातात घेऊन बघतात, टरफल चोळतात, बोली सुरू होते. पुढच्या गाड्यांना चांगला भाव मिळतोय हे मागच्या प्रत्येकाला दिसत असतं. पण “आज बाजार तेजीत आहे” असं म्हणणारा माणूस तिथे सापडणार नाही. विचारलंच तर “बरंय, चाललंय” एवढंच. एखादा निफाडकडचा पोरगा मोबाइलवर मोठ्याने बोलला, “दादा, आज लई भाव हाय!” की आजूबाजूच्या दहा जणांचे चेहरे असे होतात की त्याने गाडी अंगावर घातली आहे. मग भाव खाली आला तर दोष कोणाचा, हे ठरलेलंच.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. कारण दिल्लीत होतं, हे वर्तमानपत्रात छापून आलं. पण त्याच्या आदल्या दिवशी बाजारात कोण काय बोललं होतं, याची चौकशी आप्पांच्या डोक्यात अजून बंद झालेली नाही.

तर आपल्या क्रिकेटमध्ये ‘परफेक्ट गेम’ कुठला? लोक अर्थातच अनिल कुंबळेचं नाव घेतात. ७ फेब्रुवारी १९९९, दिल्लीचं फिरोजशहा कोटला, पाकिस्तानचे दहाच्या दहा बळी, ७४ धावांत. त्या दिवशी मैदानात एक मराठी माणूस काय करत होता, हे फार थोड्यांना आठवतं. सचिन तेंडुलकर दर षटकाआधी कुंबळेची टोपी आणि स्वेटर पंचांकडे नेऊन देत होता, कारण एकदा दिल्यावर बळी पडला होता. जगातला सर्वांत तंत्रशुद्ध फलंदाज, आणि त्याचा भरवसा स्वेटरवर! नऊ बळी झाल्यावर जवागल श्रीनाथने दुसऱ्या बाजूने मुद्दाम चेंडू स्टंपपासून लांब टाकले, चुकून आपल्यालाच बळी मिळू नये म्हणून. बळी घेण्यासाठी आयुष्य घालवलेला माणूस त्या षटकात बळी टाळत होता.

दुसरं उदाहरण वानखेडेवरचं, डिसेंबर २०२१ चं. न्यूझीलंडच्या एजाझ पटेलने आपले दहाच्या दहा घेतले, ११९ धावांत. बळी आपले, आणि टाळ्याही आपल्याच! भारतीय संघही उभा राहिला. मी याला आपला मोठेपणा म्हणालो, तर आप्पांनी लगेच छाटलं, “मुंबईत जन्मलाय तो. आपलाच पोरगा.” पुढे न्यूझीलंडचा डाव ६२ धावांत आटोपला, त्यामुळे मोठेपणा आपल्याला स्वस्तातच पडला, हेही खरं.

पण माझ्या मते खऱ्या अर्थाने ‘काहीच न घडण्याचा’ पराक्रम आमच्या जिल्ह्याच्या नावावर आहे. बापू नाडकर्णी, जन्म नाशिकचा, १९३३ चा. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. डावातला हिशोब असा: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. सरावाला ते खेळपट्टीवर नाणं ठेवत आणि डावखुऱ्या फिरकीने पुन्हा पुन्हा त्यावरच चेंडू टाकत, असं सांगतात. समोर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन होते, त्यामुळे दुसऱ्या बाजूनेही घाई नव्हती. मालिकेचे पाचही सामने अनिर्णित राहिले.

या पराक्रमावर चाहत्यांनी नाचावं तरी कशावर? बेसबॉलच्या त्या गोलंदाजाभोवती सत्तावीस बाद झालेले असतात, कुंबळेच्या हातात दहा बळी होते. बापूंकडे फक्त ठिपके. धावफलक लिहिणारा सहा ठिपके जोडून इंग्रजी ‘एम’ काढतो, तसे एकवीस ‘एम’ ओळीने काढताना त्या माणसाला काय वाटलं असेल, हा विचार मी बऱ्याचदा करतो. टाळ्या द्यायच्या तर नेमक्या कितव्या चेंडूवर? नव्वदाव्यावर? बळी पडला की टाळी आपसूक वाजते. धाव न निघण्याला टाळी वाजवायची तर आधी मोजत बसावं लागतं. आणि मोजत असल्याचं शेजाऱ्याला सांगायचं नाही.

आप्पांचं मत वेगळं पडलं. “शेतकरी कसा चालतो माहितीय?” ते म्हणाले. “अवकाळी नाही आला, गारपीट नाही झाली, चाळीत कांदा नाही सडला. काहीच झालं नाही, की आमचं वर्ष भारी.” हा माणूस बापूंचा जन्मजात चाहता आहे, फक्त त्याला ते ठाऊक नव्हतं.

मी त्यांना बेसबॉलची शेवटची गोष्ट सांगितली. २ जून २०१०, डेट्रॉइट. आर्मांडो गालारागाने २६ जणांना बाद केलं होतं. सत्ताविसावाही बाद होता, पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद दिलं. नंतर चित्रफीत पाहून चूक त्यांनी मान्य केली. दुसऱ्या दिवशी खेळाडूंची यादी द्यायला गालारागाच त्यांच्यासमोर आला आणि जॉइस यांचे डोळे भरून आले. डेट्रॉइटच्या प्रेक्षकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, क्षमेच्या थोरवीवर काहीतरी बोलतील.

“पंचाला कशाला दोष देता?” ते म्हणाले. “प्रेक्षकांत कोणीतरी बोललं असणार.”

“आणि बापूंच्या १३१ चेंडूंनंतर जी धाव निघाली ती?”

“तिथे कोणीतरी चहाला उठलं असणार,” आप्पा म्हणाले, “आणि तो नाशिकचा नव्हता, एवढं नक्की.”